जर्मनीत नोकरी आणि जर्मनीतच निवृत्ती: नवरा-बायकोने मिळून करायचा हिशेब

पुण्या-मुंबईतून जर्मनीला निघालेल्या जोडप्यांना पगार किती, घरभाडे किती, पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) कधी, हे तोंडपाठ असते. सदुसष्टाव्या वर्षी दोघांच्या खात्यांत दरमहा किती युरो जमा होतील, असे विचारले की मात्र ‘ते बघू पुढे’ एवढेच उत्तर मिळते. अडचण अशी की, त्यातले बरेचसे पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच ठरून जाते. कोणत्या वयात गेलात, आरोग्य विमा कोणता घेतलात, कंपनीने पाठवले की तिथलीच नोकरी धरली, आणि जोडीदारांपैकी जी व्यक्ती मागून गेली तिने किती वर्षांनी काम सुरू केले, यावर म्हातारपणीचे गणित उभे असते. मागून जाणारी व्यक्ती बहुधा बायको असते, म्हणून पुढे मी तसेच धरले आहे. तुमच्याकडे उलट असेल तर उलट वाचा.

खालचे आकडे २०२५ सालचे आहेत. बहुतेक दर जानेवारीत बदलतात, पेन्शनचा दर जुलैमध्ये बदलतो. सूत्रे मात्र तीच राहतात.

निघण्यापूर्वी: नावे जुळवून घ्या

पदवी मान्य आहे का, हे ‘अनाबिन’ या जर्मन माहितीकोशात बघायचे असते. तुमचे विद्यापीठ तिथे ‘एच प्लस’ गटात असेल आणि पदवीही नोंदलेली असेल तर त्या पानांची छापील प्रत पुरते. नसेल तर बॉनच्या केंद्रीय कार्यालयाकडून पदवीचे तुलनापत्र मागवावे लागते, त्याचे शुल्क २०८ युरो आहे. नर्सिंग, डॉक्टरकी असे व्यवसाय वेगळ्या मान्यता-प्रक्रियेतून जातात आणि तिथे भाषेची अट कडक असते.

आपल्या लोकांचा खरा घोळ होतो तो मधल्या नावात. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव, पासपोर्टवर नवऱ्याचे, पीएफच्या खात्यात माहेरचे आडनाव, पॅनवर नुसतेच पहिले नाव आणि आडनाव. इथे चालून जाते. जर्मन कार्यालयात मात्र पासपोर्टवरचे ‘स्नेहा राजेश’ हे अख्खे पहिले नाव ठरते, आणि तीस वर्षांनी पेन्शनसाठी भारतातली नोकरी सिद्ध करायची वेळ आली की ‘स्नेहा सुरेश’ ही दुसरीच बाई निघते. निघण्यापूर्वी पीएफमधले नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे करून घ्या. लग्नाची नोंदणी केवळ मंगल कार्यालयाच्या पावतीवर असेल तर महापालिकेच्या प्रभाग कार्यालयातून किंवा ग्रामपंचायतीतून विवाह प्रमाणपत्र काढा, आणि त्यावर दोघांची जुनी-नवी नावे नीट येतील असे पाहा. भारतातले अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) जर्मनी मान्य करत नाही. जर्मन कार्यालयाला शंका आली तर दूतावासामार्फत कागदाची स्थानिक पडताळणी होते आणि तीत महिने जातात.

नोकरीची जुनी नेमणूकपत्रे, अनुभवपत्रे, पगाराच्या काही पावत्या आणि पीएफचे पासबुक यांची एक फाइल करून बरोबर न्या. कंपन्या बंद होतात, विलीन होतात. साठीत ती पत्रे मागायला कुणाकडे जाणार?

कोणता व्हिसा, कोणता करार

पदवी आणि हातात नोकरी असेल तर ‘ब्लू कार्ड’ (उच्चशिक्षितांचा काम-वास्तव्य परवाना) हा जोडप्यासाठी सर्वांत सोयीचा मार्ग. २०२५ मध्ये त्यासाठी वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागत होता. अभियंते, आयटीतले लोक, डॉक्टर अशा टंचाईच्या व्यवसायांसाठी आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी ४३,७५९.८० युरो. आयटीत पदवी नसली तरी पुरेसा अनुभव चालतो. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि पोहोचल्या दिवसापासून कोणतीही नोकरी करता येते.

हातात नोकरी नसेल तर जून २०२४ पासून ‘शान्सेनकार्टे’ आहे: पदवी, भाषा, वय, अनुभव यांचे किमान सहा गुण जमवून वर्षभर तिथे राहून नोकरी शोधायची, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करायचे. एकट्याने चाचपणी करायला हा मार्ग बरा. जोडीने, घर आवरून, यावर निघू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वय ४५ च्या पुढे असेल आणि ब्लू कार्डाऐवजी साधा कुशल कामगाराचा परवाना पहिल्यांदाच घेत असाल, तर किमान ५३,१३० युरो पगार किंवा म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. उशिरा येऊन थोडीच वर्षे वर्गणी भरणारा माणूस उतारवयात सरकारी मदतीवर येईल, ही त्यामागची चिंता.

आता कराराचे. पुण्यातल्या अनेक जर्मन कंपन्या आणि आयटी कंपन्या माणसाला ‘डेप्युटेशन’वर पाठवतात. भारत आणि जर्मनी यांच्यातला सर्वसमावेशक सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार ईपीएफओकडून (भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून) व्याप्ती प्रमाणपत्र, म्हणजे वर्गणी भारतात भरत असल्याचा दाखला, घेतले की ४८ महिन्यांपर्यंत वर्गणी भारतातच भरायची, जर्मन पेन्शनमध्ये काही जात नाही. हातात पगार जास्त येतो, म्हणून लोक खूश असतात. पण त्या चार वर्षांचा जर्मन पेन्शनमध्ये एकही गुण जमत नाही, आणि पीआरसाठी लागणाऱ्या वर्गणीच्या महिन्यांतही ती धरली जात नाहीत. दोन वर्षांनी परत यायचे असेल तर डेप्युटेशन उत्तम. तिथेच राहायचा विचार असेल तर लवकरात लवकर स्थानिक करार, म्हणजे थेट जर्मनीतल्या कंपनीची नोकरी, मागा.

आरोग्य विमा: इथे घाई नको

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

जर्मनीत आरोग्य विम्याच्या दोन वाटा आहेत. सरकारी चौकटीतल्या ‘क्रांकेनकासे’ (विमा संस्था), जिथे वर्गणी पगाराच्या प्रमाणात असते: १४.६ टक्के आणि वर सरासरी अडीच टक्के, निम्मे तुमचे, निम्मे मालकाचे. दुसरी वाट खासगी विम्याची, जिथे वर्गणी वय आणि प्रकृती पाहून ठरते. वर्षाला ७३,८०० युरोंच्या वर पगार असेल तर नोकरदाराला खासगीत जाता येते. पस्तिशीच्या, धडधाकट, चांगल्या पगाराच्या माणसाला खासगी विमा स्वस्त पडतो आणि दलालही नेमके हेच दाखवतात. साठीत तो किती पडेल, हे त्या कागदावर नसते. बायको आणि प्रत्येक मूल यांची वर्गणीही वेगळी. सरकारी चौकटीत उत्पन्न नसलेली बायको आणि मुले फुकट येतात.

हा फरक सर्वांना कळतो. निवृत्तीचा मुद्दा मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. पेन्शनरांसाठी एक सवलतीचा विमा आहे, त्यात पेन्शनवरच्या वर्गणीचा अर्धा वाटा पेन्शन संस्था उचलते आणि तुमच्या घरभाड्यावर, व्याजावर वर्गणी लागत नाही. त्यात शिरायची अट अशी: आयुष्यातल्या कामाच्या काळाचा उत्तरार्ध घ्यायचा, आणि त्यातला नव्वद टक्के काळ तुम्ही सरकारी चौकटीत विमाधारक असले पाहिजे. कामाचा काळ पहिल्या नोकरीपासून मोजतात, मग ती नोकरी भारतात का असेना.

आकडे घालून बघू. बाविसाव्या वर्षी हिंजवडीत नोकरी लागली, सदुसष्टाव्या वर्षी पेन्शनचा अर्ज. कामाचा काळ ४५ वर्षे, उत्तरार्ध साडेचव्वेचाळीसाव्या वर्षापासून, म्हणजे साडेबावीस वर्षे. त्याचे नव्वद टक्के म्हणजे सव्वावीस वर्षे. ४६ व्या वर्षी जर्मनीत पोहोचलात आणि पहिल्या दिवसापासून सरकारी चौकटीत राहिलात तर २१ वर्षे भरतात, निभावते. ४८ व्या वर्षी गेलात तर १९ च भरतात. प्रत्येक मुलामागे मात्र तीन वर्षे जास्तीची धरतात, म्हणजे एक मूल असेल तर ४८ वालाही सुटतो. आणि ३५ व्या वर्षी आलेला, पण मधली दहा वर्षे खासगी विम्यात काढलेला? तो अडकू शकतो. वयाच्या ५५ नंतर खासगीतून सरकारी चौकटीत परतणे जवळजवळ अशक्य आहे.

अट पूर्ण झाली नाही तर सरकारी चौकटीत ‘स्वेच्छा सदस्य’ म्हणून राहता येते, पण मग वर्गणी सर्व उत्पन्नावर: पेन्शन, एफडीचे व्याज, कोथरूडच्या फ्लॅटचे भाडे, सगळ्यावर. भारतात मालमत्ता ठेवून जर्मनीत म्हातारे होणाऱ्यांना हा फटका मोठा बसतो.

बायकोने नवऱ्याच्या विम्यात फुकट राहिलेला काळही तिच्या नव्वद टक्क्यांत धरतात. फक्त तिचे स्वतःचे उत्पन्न महिना ५३५ युरोंच्या आत हवे. भारतातल्या फ्लॅटचे भाडे तिच्या नावावर येत असेल तर तेही त्यात मोजले जाते, आणि पन्नासेक हजारांच्या भाड्याला ती मर्यादा गाठली जाते.

पेन्शन: गुणांचा हिशेब

जर्मन सरकारी पेन्शनची वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के, निम्मी मालक भरतो. देशातल्या सरासरी पगाराइतका पगार वर्षभर मिळवला की एक गुण. २०२५ साठी तात्पुरती सरासरी ५०,४९३ युरो आहे. जुलै २०२५ च्या दराने एका गुणाला दरमहा ४०.७९ युरो पेन्शन मिळते. १९६४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचे पूर्ण पेन्शनचे वय ६७.

समजा नवरा ३४ व्या वर्षी गेला, पगार ६०,००० युरो. वर्षाला सुमारे १.१९ गुण, ३३ वर्षांत ३९.२. त्या दराने महिना जवळपास १,६०० युरो. बायको त्याच्याच वयाची. पाच वर्षे घर, भाषा आणि नोकरीच्या शोधात गेली, मग ४२,००० पगारावर २८ वर्षे काम. २३.३ गुण, म्हणजे ९५० युरो. जर्मनीत मूल झाले तर पहिल्या तीन वर्षांच्या संगोपनाचे सुमारे तीन गुण तिला मिळतात, म्हणजे आणखी १२२. दोघांचे मिळून २,६७० च्या आसपास. त्यातून पेन्शनरांच्या विम्याची आणि सेवाशुश्रूषा विम्याची (परावलंबी झाल्यावर लागणाऱ्या देखभालीच्या विम्याची) वर्गणी साधारण १२ टक्के जाते. उरले सुमारे २,३५०, त्यावर आयकर. दोघांची गुजराण होईल इतके, पण म्युनिकमध्ये भाड्याच्या घरात नाही. लाइपझिगमध्ये किंवा एखाद्या लहान गावात, हो.

हाच नवरा ४६ व्या वर्षी गेला असता तर २१ वर्षांत २५ गुण, महिना १,०१८ युरो. उशिरा जाणाऱ्यांनी म्हणूनच भारतातली बचत मोडायची नाही.

किमान पाच वर्षांची वर्गणी नसेल तर पेन्शन मिळत नाही. पण वर सांगितलेल्या भारत-जर्मनी करारामुळे या पात्रतेसाठी भारतातली नोकरीची वर्षे जोडली जातात. आपल्याकडच्या पीएफसोबतच्या ईपीएस या पेन्शन योजनेच्या दहा वर्षांच्या अटीलाही तसेच जर्मनीतली वर्षे जोडता येतात. प्रत्येक देश पैसे मात्र आपल्या वाट्याच्या वर्षांचेच देतो. इथे एक गोष्ट फार जण बिघडवतात: नोकरी सोडताना पीएफबरोबर ईपीएसचीही रक्कम काढून टाकतात. पीएफ काढायचे तर काढा, ईपीएसची रक्कम न काढता फॉर्म १०सी भरून योजना प्रमाणपत्र घ्या. रक्कम किरकोळ असते, प्रमाणपत्र मौल्यवान.

पाच वर्षे भरण्याआधीच कायमचे परतलात तर २४ महिन्यांनी वर्गणी परत मागता येते, पण फक्त तुमचा अर्धा वाटा. मालकाने भरलेला अर्धा गेला.

२७ वर्षांवरच्या आणि पाच वर्षे भरलेल्या प्रत्येकाला पेन्शन संस्था दरवर्षी पत्र पाठवते, आजवर किती जमले आणि पुढे किती मिळेल याचे. जर्मन पत्रे न उघडता ड्रॉवरमध्ये टाकायची सवय असेल तर निदान हे एक उघडा. मधल्या काळाची नोंद राहिली असेल तर खाते-तपासणीचा अर्ज लगेच करा. संस्थेचा सल्ला मोफत मिळतो.

याखेरीज कंपनीची पेन्शन योजना आहे. पगारातून कापून भरलेल्या रकमेवर मालकाला सहसा किमान १५ टक्के भर घालावी लागते. मालक त्याहून जास्त देत असेल तर घ्या. नुसता १५ टक्क्यांवर शुल्क खाणाऱ्या विमा पॉलिसीपेक्षा अनेकदा साधा इंडेक्स ईटीएफ (शेअर निर्देशांकामागे चालणारा स्वस्त फंड) बरा पडतो.

मागून येणाऱ्या जोडीदाराचे खाते

जर्मनीत पेन्शन व्यक्तीचे असते, घराचे नव्हे. पुण्यात टीम लीड असलेली मुलगी नवऱ्यामागे जाते, भाषा येत नाही, मग मूल, मग किंडरगार्टनची जागा मिळेना, आणि बघता बघता आठ वर्षे जातात. पाच नव्हे, आठ. पाचपेक्षा तीन वर्षे जास्त गेली तर वरच्या हिशेबात तिच्या पेन्शनमधून महिना शंभरेक युरो जन्मभरासाठी कमी होतात.

तिने काय करायचे? पहिले म्हणजे निघण्यापूर्वीच जर्मन शिकायला सुरुवात. पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे. बी१ (मध्यम) पातळी इथेच गाठून गेली तर एक-दीड वर्ष वाचते. ऑफिसात इंग्रजी चालते हा आयटीवाल्या नवऱ्याचा अनुभव असतो. एचआर, शिक्षण, लेखा, प्रयोगशाळा यांत तो लागू पडत नाही.

दुसरे, ‘मिनीजॉब’. महिना ५५६ युरोंपर्यंतच्या या छोट्या कामात पेन्शन वर्गणीतून सूट मागता येते आणि मालक तसा कागद सही करायला पुढे करतात. सही करू नका. वर्गणी पगाराच्या ३.६ टक्के, म्हणजे वीस युरो. त्या बदल्यात पेन्शनची पूर्ण पात्रता-वर्षे जमतात.

तिसरे, कराचे वर्ग. जर्मनीत लग्न झालेल्यांना ३ आणि ५ असा जोड घेता येतो: जास्त कमावणारा ३ मध्ये, कमी कमावणारी ५ मध्ये. घरात महिन्याला जास्त पैसे येतात, पण तिची हातात येणारी रक्कम कागदावर आक्रसते; आणि बेकारी भत्ता, पालकत्व भत्ता त्याच रकमेवरून ठरतात. वर्षअखेरीस विवरणपत्र भरले की दोन्ही पद्धतींत एकूण कर सारखाच. मुलाचा विचार असेल तर बरेच महिने आधी दोघांनी ४ आणि ४ मध्ये जावे.

नवरा गेल्यावर काय? किमान वर्षभर लग्न झालेले असेल आणि पाच वर्षांची पात्रता असेल तर मोठे विधवा पेन्शन त्याच्या पेन्शनच्या ५५ टक्के. तिचे स्वतःचे उत्पन्न एका मर्यादेवर गेले तर त्यातून काही कापतात. वयाने लहान आणि मुले नसलेल्या जोडीदाराला मात्र २५ टक्के, तेही दोनच वर्षे. नुसते त्यावर विसंबून राहू नये.

भारतातले पैसे आणि जमीन

निघाल्यावर बचत खाते एनआरओ (अनिवासींचे, भारतातल्या उत्पन्नासाठीचे) करून घ्या, परदेशी कमाईसाठी एनआरई उघडा. चालू असलेले पीपीएफ मुदतीपर्यंत चालवता येते, पुढे वाढवता येत नाही.

एनआरई खात्याच्या व्याजावर भारतात कर नाही, हे सर्वांना माहीत. जर्मनीत राहणाऱ्याला मात्र जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब जर्मन विवरणपत्रात द्यावा लागतो, आणि एनआरईचे, पीपीएफचे व्याज तिथे करपात्र आहे. जोडप्याला वर्षाला २,००० युरोंपर्यंत गुंतवणुकीच्या उत्पन्नावर सूट, त्यापुढे २६.३७५ टक्के. भारतातले म्युच्युअल फंड विकले नसले तरी त्यांच्यावर वर्षागणिक गृहीत उत्पन्न धरून कर लागू शकतो. ‘भारतातले कोण बघायला येतेय’ हा सल्ला ऐकू नका. दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवतात.

शेतजमिनीचे एक: अनिवासी भारतीय किंवा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचे कार्ड) धारक शेतजमीन, फार्महाऊस विकत घेऊ शकत नाहीत. वारशाने आलेली ठेवू शकतात. म्हणून गावाकडच्या जमिनीची वाटणी, सातबाऱ्यावरची नावे, भावांमधली समजूत हे सारे निघण्यापूर्वी किंवा सुट्टीत आलात की मार्गी लावा. मागे राहणाऱ्या भावाला मुखत्यारपत्र द्यायचे असेल आणि ते म्युनिक, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्गच्या वकिलातीत किंवा बर्लिनच्या दूतावासात केले असेल, तर महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या.

पीआर, पासपोर्ट आणि ‘सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे’

ब्लू कार्डवर बी१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत, नुसते ए१ (प्राथमिक पातळी) असेल तर २७ महिन्यांत पीआर. तुम्हाला अशी कुशल व्यक्तीची पीआर मिळाली की जोडीदाराला तीन वर्षांचा परवाना, आठवड्याला किमान २० तासांची नोकरी आणि बाकीच्या अटी पूर्ण करून लवकर पीआर घेता येते. एरवी पाच वर्षे.

पाच वर्षांनी नागरिकत्व. २७ जून २०२४ पासून जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालते. भारताला चालत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व कायद्याने संपते, पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड घ्यायचे. तीन वर्षांत मिळणाऱ्या झटपट नागरिकत्वाची सोय २०२५ च्या ऑक्टोबरात बंद झाली.

नागरिकत्व भावनेने ठरवले तरी हरकत नाही, पण निवृत्तीचा एक व्यवहारी पैलू आहे. बहुतेक जोडप्यांचे स्वप्न असते हिवाळा पुण्यात आणि उन्हाळा जर्मनीत. साधी पीआर सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिले की रद्द होते. युरोपीय दीर्घकालीन पीआरला युरोपीय संघाबाहेर सलग बारा महिने चालतात. पंधरा वर्षे कायदेशीर राहिलेल्या आणि पोटापाण्याची सोय असलेल्या माणसाची पीआर बाहेर राहिल्याने रद्द होत नाही, बरोबर राहणाऱ्या जोडीदाराचीही नाही. मात्र निघण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयातून तसा दाखला लेखी घ्या. जर्मन पासपोर्ट असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

पुण्यातल्या हिवाळ्यात आजारी पडलात तर? जर्मन सरकारी विमा भारतात लागू नाही. स्वस्तातल्या प्रवास पॉलिसी सहसा सहा-आठ आठवड्यांच्याच असतात. म्हणून चाळिशीतच भारतात एक आरोग्य पॉलिसी काढून अखंड चालू ठेवलेली बरी; आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आता कमाल तीन वर्षे आहे, आणि तो साठीत सुरू करण्यापेक्षा आधीच संपवून ठेवावा. सेवाशुश्रूषा विम्याचे पैसेही भारतात कायमचे राहायला गेल्यावर थांबतात. पेन्शन मात्र भारतात पूर्ण मिळते.

जर्मनीतच राहायचे ठरले तर वृद्धाश्रमाचा खर्च डोळ्यांसमोर हवा. सेवाशुश्रूषा विमा काही भाग देतो, पण रहिवाशाला स्वतःच्या खिशातून भरावी लागणारी रक्कम सरासरी महिना तीन हजार युरोंच्या घरात गेली आहे. दोघांची सरकारी पेन्शन मिळून एकाचाही खर्च भागत नाही. घरी राहून नातेवाइकांनी सेवा केली तर त्यासाठीही विमा भत्ता देतो. अर्थात, त्यासाठी जवळपास राहणारे नातेवाईक हवेत.

वारसा आणि मृत्युपत्र

भारतात १९८५ पासून वारसा कर नाही. जर्मनीत आहे, आणि तो जर्मनीत राहणाऱ्या वारसाला जगभरच्या वारशावर लागतो, नागरिकत्व कोणतेही असो. प्रत्येक पालकाकडून मुलाला ४,००,००० युरोंची सूट, जोडीदाराला ५,००,०००. एका फ्लॅटपुरते हे पुरते. प्रभात रोडवरचा बंगला असेल तर पुरेलच असे नाही. भाऊ-बहीण, काका-मावशी यांच्याकडून मात्र फक्त २०,००० युरो. निपुत्रिक आत्याने दादरची खोली तुमच्या नावे केली, तर तिच्या बाजारभावाचा बराच भाग करात धरला जाईल. वारशाची माहिती तीन महिन्यांत जर्मन कर कार्यालयाला कळवायची असते. आई-वडील हयात असताना, त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून, कोणती मालमत्ता भारतात राहणाऱ्या भावंडाकडे जावी हे ठरवता येते.

तुमचे स्वतःचे मृत्युपत्र: युरोपीय नियमाप्रमाणे २०१५ पासून, माणूस शेवटी जिथे राहत होता तिथला वारसा कायदा लागू होतो. त्याऐवजी आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडता येतो, पण तशी निवड मृत्युपत्रात लिहावी लागते. जर्मनीत हाताने लिहिलेले मृत्युपत्र चालते, मात्र ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वहस्ताक्षरातच हवे. टाइप करून खाली सही केलेले रद्द ठरते. भारतातल्या स्थावर मालमत्तेपुरते इथल्या वकिलाकडून, दोन साक्षीदारांसह, वेगळे मृत्युपत्र करून ठेवा. दोन मृत्युपत्रे एकमेकांना रद्द करणार नाहीत, असे वाक्य दोन्हींत घाला.

आजारपणात निर्णय कुणी घ्यायचा, यासाठी जर्मनीत मुखत्यारपत्र आणि उपचारांविषयीचे इच्छापत्र असे दोन कागद करतात. २०२३ पासून नवरा-बायकोला एकमेकांच्या उपचारांचे निर्णय घेता येतात, पण कमाल सहा महिने आणि फक्त आरोग्याबाबत. बँक, घर, पेन्शन यांसाठी मुखत्यारपत्रच लागते. बँका अनेकदा स्वतःचाच नमुना मागतात, तेव्हा दोघांनी शाखेत जाऊन तोही एकदा भरून यावा. पेन्शन भारतात घेत असाल तर दरवर्षी हयातीचा दाखला पाठवायचा असतो. तो वेळेत गेला नाही तर पैसे थांबतात, म्हणून पत्ता बदलला की पेन्शन संस्थेला सर्वांत आधी कळवा.